स्वच्छ जिन्याबद्दल दोन नोटिसा

लिननं वही काढायच्या आधी पर्समधून एक पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. घरमालकिणीचं होतं, जर्मनमध्ये. मोबाइलनं त्याचं इंग्रजी करून दिलं होतं: तुमच्या जिन्यावर ‘डर्ट’ आहे, ही पहिली आबमानुंग. आबमानुंग म्हणजे लेखी ताकीद. अशा दोन-तीन जमल्या की घर खाली करायला सांगू शकतात.

मी स्टुटगार्टमध्ये, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत, चिनी इंजिनिअरांना इंग्रजी शिकवते. लिन त्यांतली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात हट्टी. तिचा नवरा आणि सहा वर्षांची मुलगी दोन महिन्यांनी चीनहून यायचे होते. हे घर शोधायला तिला आठ महिने लागले होते. ते गेलं असतं तर त्यांचं येणंच रद्द.

“टीचर, जिन्यावर माती नाही,” ती म्हणाली. “माझ्याकडे एक कुंडीसुद्धा नाही.”

मला हायसं वाटलं. चूक माझ्या प्रांतातली होती. आदल्याच आठवड्यात क्लासमध्ये ‘डर्ट’ हा शब्द झाला होता. चिनीत मातीला वेगळा शब्द, धुळीला वेगळा, घाणीला वेगळा. आपल्याकडेही माती, धूळ, मळ, केर, घाण असा भरपूर ऐवज आहे. इंग्रजीनं मात्र सगळं एकाच टोपलीत भरलंय, वर लोकांच्या खासगी भानगडींनाही डर्टच म्हणायचं. लिननं त्यातला पहिला अर्थ तेवढा पाठ केला होता. मी फळ्यावर पुन्हा सगळे अर्थ लिहिले आणि तिच्या नावानं मालकीणबाईंना जर्मनमध्ये नम्र उत्तर लिहून दिलं: जिना नियमित स्वच्छ करते, यापुढेही करीन. प्रश्न सुटला असं समजून मी कॉफी प्यायले.

इथल्या बिल्डिंगांत केअरवोखे असते. म्हणजे पाळीपाळीनं एकेका बिऱ्हाडानं आठवडाभर जिना झाडायचा. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी टांगतात. लिनच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं, ती आणि समोर खुद्द मालकीणबाई, फ्राऊ हेर्मान. लिनची पुढची पाळी झाली आणि दुसरी आबमानुंग आली.

आता लिन भडकली. तिचं कंपनीतलं कामच मुळी घाण मोजण्याचं. पंपाच्या आत केसाहून बारीक कण राहिला तरी पंप बिघडतो. म्हणून पार्टवर चिकटपट्टी दाबायची, उचलायची आणि तिला चिकटलेले कण मायक्रोस्कोपखाली मोजायचे. तिनं सहा पायऱ्यांवर सहा पट्ट्या दाबल्या, फोटो काढले, तक्ता केला, खाली ‘रिझल्ट ओके’ लिहून सही ठोकली.

“छान. पण हे कुणाला पाठवू नकोस,” मी म्हटलं.

“काल पाठवलं. एच.आर.ला कॉपी ठेवून.”

दुपारी एच.आर.च्या हेर ब्रांट यांचा फोन आला.

“मालकीणबाई विचारतायत, माझ्या जिन्याची तपासणी करायचा अधिकार हिला कुणी दिला?”

“पण जिना स्वच्छ आहे ना?”

“गेनाऊ, अगदी बरोबर. तेच त्यांना जास्त लागलंय. भाषा तुमचा विषय, तुम्ही जाऊन या.”

शनिवारी मी गेले. फ्राऊ हेर्मान सत्तरीच्या, ताठ, इस्त्रीचा एप्रन घातलेल्या. त्यांनी कॉफी दिली. मी त्यांना डर्टचे चारही अर्थ समजावले, चिनी शब्दांसकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, जिना स्वच्छच असतो, पण ही झाडते कधी?

पहाटे पाचला, मी सांगितलं. तुमची झोप मोडू नये म्हणून चप्पलसुद्धा न घालता.

“मग ती झाडते हे मला कळणार कसं?”

चाळीस वर्षं या जिन्यावर शनिवारी सकाळी दहाला झाडू निघतो, त्या म्हणाल्या. शेजारी बाहेर येतात, दोन शब्द बोलतात. ही आल्यापासून समोरचं दार बंद.

“पण तुम्ही पत्रात घाण लिहिलीत,” मी म्हटलं.

“मग काय लिहायचं? समोरची बाई दिसत नाही, असं लिहू?”

मला एकदम वाईट वाटलं, आणि माझ्या चार अर्थांची लाजही वाटली.

सोमवारी मी लिनला सांगितलं: शनिवारी दहाला, बादली दणकन ठेव, मग झाड.

“पण टीचर, केर नसतो.”

“नसू दे.”

स्वच्छ पायरी पुन्हा झाडायची, यानं तिच्यातल्या इंजिनिअरला फार यातना झाल्या. पण पाळीच्या शनिवारी तिनं बादली आपटली. समोरचं दार लगेच उघडलं. कोपरे कसे झाडायचे याचं शिक्षण अर्धा तास चाललं, मग केक झाला. तिसरी आबमानुंग आली नाही. नवरा आणि मुलगी ठरल्याप्रमाणे आली. आता लिन सोमवारी क्लासला येते ती अख्ख्या बिल्डिंगच्या भानगडी घेऊनच. डर्टचा चौथा अर्थ मला तिला पुन्हा शिकवावा लागला नाही.

शब्दकोश जवळ असला की प्रत्येक भांडण शब्दाचंच वाटतं. माझ्या नोट्समध्ये डर्टचं पान आहे तसंच आहे. खाली फक्त एक ओळ वाढवली आहे: उत्तर लिहिण्याआधी समोरचं दार वाजवावं.