हत्ती पोहतात त्या तळ्यापर्यंत

माझ्या लेकीला, ज्ञानेश्वरीला, लहानपणी गाडी कुठून आली यापेक्षा ती कुठं चालली याची चौकशी जास्त. आमचं घर दौंडला, स्टेशनच्या अलीकडं. शाळेतून आली की ओट्यावर बसून डब्यांवरच्या पाट्या वाचायची. "आई, विजयवाड्याला समुद्र आहे का गं?" मी शाळेत कारकून होते, दप्तर सांभाळता सांभाळता समुद्राचा विचार कधी डोक्यात आला नव्हता. असेल, म्हणून सांगितलं. पुढं भूगोल घेऊन बी.ए. करताना तिनं एक दिवस नकाशाच समोर धरला. "नाही आई. नदी आहे. कृष्णा." इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं!

लग्न होऊन ती केंदूरला गेली. घर चांगलं, रान बागायती, कांदा आणि दुधाचा धंदा. नवरा विक्रमराव, स्वभावानं बोलका, गावात ऊठबस असलेला. समुद्र मात्र ज्ञानानं अजून पाहिलेला नाही. दरवर्षी कोकणात जायचं ठरायचं आणि नेमकी कुठली तरी गाय व्यायला यायची.

तीन वर्षांपूर्वी गावच्या दूध संस्थेची निवडणूक लागली. विक्रमरावांना उभं राहायचं होतं, पण त्यांच्या भावकीची जागा दुसऱ्याला गेली. उरल्या महिला राखीव. मग ज्ञानाचं नाव टाकलं. प्रचार त्यांनीच केला. फलकावर तिचा फोटो पासपोर्टएवढा आणि त्यांचा गुडघ्यापर्यंत. निवडून आली ज्ञाना आणि हार पडले विक्रमरावांच्या गळ्यात. यात तिकडं कुणाला वावगं वाटत नाही. दुसऱ्या राखीव जागेवरच्या सिंधूबाईंनी संस्थेची पायरीसुद्धा चढलेली नव्हती. शिपाई घरी येऊन सही नेतो.

ज्ञानानं एवढंच केलं, की ती मीटिंगला गेली.

चेअरमन हौसरावआबा तिला दारात बघून म्हणाले होते, "सूनबाई, विक्रमला धाडायचं की. तुम्ही कशापायी तरास घेतला?"

"आबा, निवडून मी आलेय. मग त्रास त्यांना कशाला?"

सगळे हसले आणि तिला दाराजवळची खुर्ची मिळाली. ती दर महिन्याला जात राहिली. दुधाचं फॅट मोजायचं मशीन नीट करून घ्या, वैरणीचं बियाणं वेळेवर मागवा, असं काहीबाही बोलायची. ती बोलली की चहा यायचा. तरी मीटिंग संपली की पहिला फोन मला यायचा. "आई, आज माझं म्हणणं ठरावात घेतलं."

मग संचालक मंडळाचा अभ्यास दौरा निघाला. परदेशात, म्हणजे श्रीलंकेला. आमच्याकडच्या संस्थांचे असे दौरे निघतात. अभ्यास किती होतो हे विचारायचं नसतं. आबांनी मीटिंगमध्ये विचारलं, "तिथं बघायचं काय काय हाय?" कुणाला काही सांगता येईना. ज्ञाना म्हणाली, "मी बघून सांगते."

पुढचे दोन महिने मला फोनवर दुसरा विषय ऐकायला मिळाला नाही. दूध घालून आली की ती मोबाइलवर नकाशे उघडून बसायची. सगळे जातात त्या कोलंबोच्या बाजारात आणि कँडीच्या देवळात तिला गंमत नव्हती. तिनं आडबाजूच्या जागा शोधल्या. गल ओया नावाच्या रानात एक प्रचंड तलाव आहे, पाण्यात बेटं आहेत, आणि या बेटावरून त्या बेटावर हत्ती पोहत जातात. फक्त सोंड वर असते. उत्तरेला डेल्फ्ट नावाचं बेट, तिथं होडीनं जायचं. घरांच्या कुंपणभिंती पोवळ्याच्या दगडांच्या आणि माळावर रानटी घोडी. आणि डोंगरांच्या पोटात मीमुरे नावाचं खेडं, चारी बाजूंनी कडे, मधे भाताची खाचरं. "आई, मोठी बस तिथं जातच नाही. हुन्नसगिरीया म्हणून गाव आहे, तिथं बस सोडून जीप करायच्या."

मंडळींना तिनं हे सगळं मीटिंगमध्ये सांगितलं. एका संचालकानं विचारलं, "वहिनी, त्या मिमुऱ्यात मटण मिळतं का?"

"कोंबडी मिळते भाऊ. आणि नाही मिळाली तर एक दिवस भात खाऊन मरत नाही माणूस."

आबा खूश झाले. "बघा, सूनबाईनं घरी बसून लंका पालथी घातली! मारुतीला तरी उडी मारायला लागली हुती." तिच्या आखणीप्रमाणंच दौरा ठरला. वाटेत भेटेल तो विचारू लागला, थंडी असते का, होडीत उलटी होते का. ती प्रत्येकाला सांगायची. तिनं पासपोर्ट काढला, पुण्याला दोन खेपा घातल्या, पोलीस चौकशीला घरी येऊन चहा पिऊन गेला. पासपोर्ट तिनं विक्रमरावांकडं दिला, ते म्हणाले, "संस्थेत मी देतो." मीमुऱ्याला चालावं लागेल म्हणून शिक्रापूरहून बूट आणले, लाल नाड्यांचे. आयुष्यातले पहिले.

निघायच्या आदल्या आठवड्यात विक्रमरावांचा मला फोन आला. जावई मला मामी म्हणतात. "मामी, दौऱ्याच्या टायमाला आठ दिवस इकडं या की. पोरांना बरं पडंल, हिलाबी." मला वाटलं, किती समजूतदार माणूस. डब्यात लाडू भरले, एस.टी. पकडली आणि केंदूरला जाऊन राहिले.

निघायच्या दिवशी दुपारी अंगणात गाडी येऊन थांबली. आबा पुढं बसलेले, मागं चारपाच संचालक, पांढरे कपडे, डोळ्यांवर नवे गॉगल. विक्रमराव बॅग घेऊन बाहेर पडले. मला वाटलं, बायकोची बॅग उचलून आणली. तेवढ्यात ज्ञाना आली, साडीखाली ते बूट घातलेले आणि हातात तिची बॅग.

आबांनी काच खाली केली. "सूनबाई, तुम्ही कुठं निघालात?"

गाडीत हसू फुटलं. त्यांना ती चेष्टा करतेय असं वाटलं. ती पण हसली, तिला ते चेष्टा करतायत असं वाटलं. मग तिनं विक्रमरावांच्या खांद्यावरची बॅग पाहिली.

"तुम्ही?"

"अगं, प्रतिनिधी म्हणून मीच जायचं असतंय. सगळ्यांचं तसंच हाय. सिंधूबाईंच्या जागी बी त्यांचं मालक तात्याच निघालेत."

"आणि माझा पासपोर्ट?"

"कपाटात हाय की. माझा दिला." ते हलक्या आवाजात म्हणाले, "आता लोकांम्होरं नको. पुढच्या वर्षी जाऊ आपण दोघं."

तिची सासू साखरबाई दारातूनच बोलली, "ज्ञाना, बाया कवा गेल्यात का गं दौऱ्याला? आत ये, गाडीला उशीर हुतोय."

तेव्हा मला कळलं, की तिकिटं निघाल्या दिवसापासून हे सगळ्यांना माहीत होतं. होडीत उलटी होते का विचारणाऱ्यालाही. कुणी लपवलं नव्हतं. सांगायची गरजच कुणाला वाटली नव्हती. आणि मला बोलावलं होतं ते पोरांसाठी नाही. लेक रडली तर जवळ कुणीतरी असावं म्हणून.

ती रडली नाही. गाडी गेली, तशीच बुटांनी गोठ्यात गेली आणि शेण भरायला लागली. संध्याकाळी सिंधूबाई आल्या, पदर तोंडाला लावून हसत. "अगं बाई, तुला खरंच वाटलं व्हय गं? मला तर बॅगबी भरावी लागली ती तात्यांचीच!" वाईट मनाच्या नाहीत त्या. म्हणून तर जास्त लागलं.

चौथ्या दिवशी विक्रमरावांचा व्हिडिओ कॉल आला. मुलं ओरडली, "मम्मी, हत्ती!" मी पाहिलं. करड्या पाण्यात तीन सोंडा वर, मागं काळी पाठ एक क्षण दिसायची आणि बुडायची. मागून संचालकांचा आरडाओरडा, "वहिनी, तुमचं हत्ती बघा!" ज्ञाना कॅन विसळत होती. तिनं मान वर केली नाही.

"ज्ञाना," विक्रमराव म्हणाले, "उद्या त्या मिमुऱ्याला निघायचंय. डायवर म्हणतोय बस जात न्हाई. तू काय म्हणाली हुतीस, बस कुठं सोडायची?"

मी तिच्याकडं बघत राहिले. नाव तिच्या ओठावर होतं, मला माहीत आहे. मलासुद्धा पाठ झालं होतं. तिनं कॅन उपडा ठेवला, हात पुसले.

"मला काय ठाऊक?" ती म्हणाली. "मी कुठं गेलेय तिकडं?"

मंडळी मीमुऱ्याला गेली नाहीत, डेल्फ्टलाही नाही. राहिलेले दिवस कोलंबोत खरेदी केली. विक्रमरावांनी तिच्यासाठी लाकडी हत्ती आणला. तिनं तो गोठ्यात, जनावरांच्या औषधांच्या फळीवर ठेवलाय.

भाद्रपदात संस्थेची वार्षिक सभा झाली, तेव्हा मी पुन्हा केंदूरला गेले होते. मांडवात गाव जमलेलं. अभ्यास दौऱ्याबद्दल संचालकांनी दोन शब्द बोलायचे होते. माईकवरून पुकारलं, "संचालिका सौ. ज्ञानेश्वरीताई." विक्रमराव कपडे झटकत उठले. बायकांतून ज्ञानाही उठली. ते थबकले. ती माईकपाशी गेली.

"मी दौऱ्याला गेले नव्हते," ती म्हणाली. "त्यामुळं मला सांगता येणार नाही."

आणि येऊन बसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. आबा म्हणाले, "बरं. पुढचा विषय घ्या, पशुखाद्य." विक्रमराव उभेच होते, कुणीतरी हात धरून त्यांना खाली बसवलं.

त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं आहे. विक्रमराव मला फोन करून म्हणतात, "मामी, तुम्ही समजवा तिला. येवढ्याशा गोष्टीसाठी गावात मान घालवला माझा." मी ऐकून घेते. सगळं निजल्यावर मात्र हेच डोक्यात फिरत राहतं. मुलं लहान आहेत, घर मोडेल का, तिनं जरा नमतं घ्यावं का. आईचं मन असं दोन्हीकडून भित्रं. तिला तसं सांगायला मी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्हीदा मला ती दारातली हसरी मंडळी आठवली.

त्या सभेनंतर मी दौंडला निघाले तेव्हा ती फाट्यापर्यंत सोडायला आली. पायांत तेच बूट, लाल नाड्या आता शेणानं काळ्या पडलेल्या. एस.टी. आली तशी तिनं पदराखालून पासपोर्ट काढून माझ्या पिशवीत घातला.

"हा तुझ्याकडं ठेव, आई. इथल्या कपाटाला दोन किल्ल्या आहेत, एक त्यांच्याकडं."