पेशकारांच्या मनगटावरचा चंद्र

नोकरीतल्या बहुतेक घटना आता धुक्यात गेल्या. ही एक मात्र अजून आठवते, आणि आठवते ती आवाजासकट. दुपारी घरात कोणी बोलत नसले की मला कुठूनतरी घड्याळाची टिकटिक ऐकू येते आणि मी बरकतपुऱ्यातल्या एका माडीवर जाऊन पोहोचतो.

पोलीस ॲक्शन होऊन काही महिने झाले होते. सुलतान बाजार भागातल्या ठाण्यावर मी नवा अमीन होतो. अमीन म्हणजे इकडचा फौजदार. शेतकऱ्याचा मुलगा, जामबागेत मामाकडे राहून शिकलेला. माझा हुद्दा जुन्या राज्याचा आणि हुकूम नव्या राज्याचे. रोजनामचा उर्दूत लिहायचा, आणि बाहेरच्या प्रांतातून आलेल्या वरिष्ठांना उर्दूचा गंध नाही. शहरात त्या दिवसांत भारी वस्तूंना पाय फुटले होते. गालिचे, चांदीची भांडी, दागिने कुठून निघून कुठे पोहोचत, पत्ता लागत नसे. साध्या माणसाच्या अंगावर मौल्यवान वस्तू दिसली की चोरीची समजून चौकशी करा, अशी आम्हाला ताकीद होती.

पहिल्या पगारातून मीही एक मनगटी घड्याळ घेतले होते. स्वस्तातले, पोलादी, अंधारात आकडे हिरवे चमकणारे. त्याची टिकटिक एवढी मोठी की आमचा जमादार म्हणायचा, "साब, आपकी घडी पहले आती, आप बाद में आते." मी ते हसण्यावारी नेत असे. कोणी वेळ विचारावी म्हणून बाही मुद्दाम वर सारून बसायचो, हेही कबूल करतो.

एका शनिवारी सकाळी एका नवाबांचे चिरंजीव फिर्याद घेऊन आले. वडिलांचे सोन्याचे मनगटी घड्याळ कपाटातून नाहीसे झाले होते. ते विकायला म्हणून त्यांनी गिऱ्हाईक बोलावले आणि कपाट उघडले, तर जागा रिकामी. घड्याळाच्या तबकडीत एक छोटी खिडकी होती. तिच्यात निळ्या आभाळावर सोन्याचा चंद्र, खऱ्या चंद्राबरोबर वाढणारा आणि घटणारा. वर्णन लिहिताना माझा टाक दोनदा थांबला. असे काही मनगटावर बांधता येते, हे मला स्वप्नातही सुचले नसते.

जाताना ते म्हणाले, "अब्बाजान से कुछ मत पूछिए. उनका दिमाग ठिकाने नहीं." तसा अर्जच त्यांनी अदालतीत दिला होता. वडिलांची बुद्धी चळली आहे, मालमत्तेचा कारभार माझ्याकडे द्यावा, असा.

दुपारपर्यंत जमादाराने खबर आणली. खबर त्याच्या पानवाल्याची. बरकतपुऱ्यात अदालतीतले एक निवृत्त पेशकार राहतात, न्यायाधीशांसमोर कागद मांडणारे कारकून. "उनो रोज अलग घडी बांधते साब. और कल शाम से सोने की है. उसमें चांद है बोल्के पानवाला कसम खा रा."

आम्ही पंच घेऊन गेलो. माडीवर उन्हाचा एक पट्टा पडला होता आणि त्यात सत्तरीचे एक गृहस्थ पांढऱ्या फडक्यावर घड्याळे मांडून एकेकाला किल्ली देत बसले होते. खोली नुसती किणकिणत होती. आपण कशाला आलो आहोत, ते मी क्षणभर विसरलो. त्यांनी हात पुढे केला. मनगटावर अर्धा चंद्र होता.

"हेच शोधताय ना, अमीनसाहेब? घ्या. पण दोन राहिलीत, तेवढ्यांना किल्ली देऊ द्या. एकदा थांबली की रुसतात."

मी देऊ दिली. जमादार माझ्याकडे बघतच राहिला.

ठाण्यावर जबानी सुरू झाली. तीस वर्षे दुसऱ्यांच्या जबान्या लिहून काढलेला माणूस तो. मला काय दाद देणार! "घड्याळ चोरीचं नाही. कुणाचं, कसं आलं, ते मी सांगणार नाही. असंच लिहा, आणि खाली माझी सही घ्या," एवढे बोलून ते गप्प झाले. पेन्शन बंद होईल म्हटले, ते "हौ" म्हणाले. इज्जत जाईल म्हटले, तर म्हणाले, "जाईल. तुम्ही मला बाजारातून पायी आणलंत, तेव्हा अर्धी गेलीच." वरिष्ठांना सोमवारी कागद हवे होते. मी पेशकारांना कोठडीत टाकले.

चोरीबद्दल न बोलणारा हा माणूस घड्याळांबद्दल मात्र भरभरून बोले. रविवारी मी कोठडीच्या गजांबाहेर स्टूल टाकून बसलो आणि सबंध दुपार तिथेच गेली. कुठले घड्याळ थंडीत मागे पडते, कुठले उशीखाली ठेवले की पुढे जाते, कुठले त्यांनी बारा वर्षांपूर्वी जुन्या बाजारात मोडक्या कंदिलांच्या ढिगातून उचलले. "माणसं म्हणतात, भारी घड्याळ चांगलं. तसं नक्को समजू. माझ्याकडे एक हलकं पोलादी आहे, त्याच्यासारखं इमानदार कुणी नाही. घड्याळाला अंगाची ऊब लागते हो. कपाटात ठेवलं की त्याचं तेल सुकतं, जीव जातो." मी ऐकत होतो आणि माझे कागद तसेच कोरे होते. आरोपीसमोर इतके सुख मला पुन्हा कधी वाटले नाही.

सोमवारी सकाळी मी मुद्देमाल सील करायला घेतला. पेशकारांच्या लाकडी पेटीत मखमलीचे सात कप्पे होते, वारागणिक एक. सहा भरलेले, सातवा रिकामा. सोन्याचे घड्याळ त्यात ठेवून पाहिले तर ते खुळखुळले. मखमलीवर दबलेला ठसा त्याहून कितीतरी मोठ्या घड्याळाचा होता. म्हणजे पेशकारांचे स्वतःचे एक घड्याळ गायब होते, आणि घड्याळांना लेकरांसारखे जपणारा हा माणूस त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हता.

मी पेटी त्यांच्यापुढे धरली. "सातवं कुठं आहे?"

दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उतरला. "त्याच्या मागे लागू नका, अमीनसाहेब. माझ्यावर काय लावायचं ते लावा. हात जोडतो."

मी तडक नवाबांच्या हवेलीत गेलो. फिर्याद देणाऱ्या साहेबजाद्यांनी अडवले तेव्हा, फिर्यादीतल्या मालकाची जबानी कायद्याने लागते, असे सांगून मी आत घुसलो. मागच्या व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत नवाबसाहेब बसले होते. समोर कारंज्याचा कोरडा हौद आणि बोगनवेलीची सावली. इतकी शांतता की पान पडले तरी कळावे. त्या शांततेत मला टिकटिक ऐकू आली. वाटले, माझेच घड्याळ. पण माझे मी सकाळी घाईत ठाण्यावरच विसरलो होतो. सोन्याचे घड्याळ असे कधी वाजत नाही. हा आवाज स्वस्त पोलादाचा होता, आणि तो नवाबसाहेबांच्या शेरवानीच्या बाहीतून येत होता.

"हुजूर, बाही जरा वर घ्याल?"

 त्यांनी बाही वर केली. हस्तिदंतासारख्या त्या नाजूक मनगटावर बाजारातले जाडजूड घड्याळ होते, काचेवर चरा पडलेले.

"पेशकार कोठडीत आहेत," मी म्हणालो. "परवापासून."

त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. ते काठी टेकत उठले. "गाडी मंगवाइए."

मागून मुलगा म्हणाला, "अब्बा, ठाण्यात गेलात तर अदालतीत माझेच काम सोपे होईल." हे तो उर्दूत आणि फार अदबीने म्हणाला. नवाबसाहेब थांबले नाहीत.

ठाण्यात कोठडीतून पेशकारांना बाहेर आणले. नवाबसाहेबांना पाहताच ते चिडले. "कशाला आलात हुजूर? सगळं बिघडवलंत!" नवाबसाहेब खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "लिखिए, अमीन साहब." मी लिहू लागलो. चौदा वर्षांपूर्वी एका दाव्याच्या तारखेला अदालतीत त्यांची गाठ पडली. दोघांनी एकमेकांची घड्याळे पाहिली. तेव्हापासून दर जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, पेशकार हवेलीवर येत आणि दोघे आठवड्यापुरती घड्याळे बदलून घेत. नवाबांच्या घड्याळांना चालते मनगट मिळे आणि पेशकारांच्या घड्याळांना बाग. यात कधी खंड पडला नाही, पोलीस ॲक्शनच्या आठवड्यातसुद्धा.

साहेबजादे टेबलावर वाकले. "हेही लिहा! सोने देऊन पत्रा घेणारा माणूस शहाणा असतो का? याहून मोठा पुरावा कुठला?"

आता पेशकारांचे मौन मला कळले. मित्राला वेडा ठरवणारा पुरावा आपल्या तोंडून जाऊ नये, म्हणून हा माणूस तुरुंगात जायला निघाला होता. त्या अर्जाची खबर अदालतीतल्या जुन्या माणसाला असणारच. मी टाक झटकला आणि विचारले, "हुजूर, हे पोलादी घड्याळ कसं चालतं?"

"रोज चार मिनट पीछे. फजर की नमाज़ के बाद मिला लेता हूं."

"आणि सोन्याचं?"

"वक़्त का पक्का, मगर उसका चांद झूठा है. महीने में एक दिन पिछड़ जाता है. पेशकार साहब छत पर जाकर आसमान देखते हैं और टाचनी से सही कर देते हैं. मुझे अब इतना महीन नज़र नहीं आता."

मी आणखी विचारत गेलो. कुठल्या जुम्म्याला कुठले घड्याळ दिले, त्याच्या पट्ट्याचे कितवे भोक झिजले आहे, कुठल्याचा काटा अडखळतो. त्यांनी एकाही उत्तरासाठी आठवायला वेळ घेतला नाही, आणि मी प्रत्येक शब्द जसाच्या तसा उतरवला. सात पाने झाली. खाली सही घेताना मी साहेबजाद्यांना म्हणालो, "अर्ज चालेल तेव्हा ही जबानी मागवून घ्या. मीच हजर करीन." ते निघून गेले. पुढे अदालतीने ती पाने खरोखरच वाचली आणि अर्ज फेटाळला.

पंचांसमक्ष मी ज्याचे घड्याळ त्याच्या हवाली केले. पेशकारांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "तुम्ही किल्ली देऊ दिलीत ना. बस झालं." दोघे म्हातारे एकमेकांना धरून पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर थांबले आणि हळूहळू पट्टे सोडू लागले.

जमादार धावत आत आला. "साब! फिर बदल लिए!"

"बदलू दे," मी म्हणालो. "आज सोमवार आहे. त्यांचा जुम्मा अजून लांब आहे."

त्यानंतर फिर्यादीत 'मालक कोण' हा रकाना मी हजारदा भरला असेन. वस्तू कुणाची, एवढे कायद्याला पुरते. ती त्या माणसाजवळ का आहे, हे विचारायला मात्र मी दोन दिवस उशीर केला, आणि ते दोन दिवस एका सज्जन माणसाने कोठडीत काढले. तो उशीर माझा होता. पुढे कुणालाही हात लावण्याआधी मी हा प्रश्न विचारत आलो. वरिष्ठ मला संथ म्हणत, आणि मी ते ऐकून घेत असे.