शेठचा रद्द झालेला गोल

“पंच विकला गेलाय, साहेब! आत्ताच्या आत्ता गुन्हा दाखल करा!”

शेठ ठाण्याच्या दारातूनच ओरडत आले. आवाज असा, की आमच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली ती थेट घनसावंगीला जाऊन बसली असावीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण फुटबॉलच्या एका गोलसाठी आलेला तो तक्रारी अर्ज काही डोक्यातून जात नाही.

शेठ सळईच्या कारखान्याचे मालक. स्पर्धा त्यांची, मैदानाचा खर्चा त्यांचा, आणि टीम तर विचारूच नका. कोलकात्यापासून हैदराबादपर्यंतचे पगारी खेळाडू. एकेकाच्या बुटांच्या किमतीत आमच्या ठाण्याचं सगळं फर्निचर आलं असतं, वर एक कूलर. फायनलला समोर कुंभार पिंपळगावची पोरं. बाजाराच्या दिवशी दुकान लावायचं म्हणून सराव बुडवणारी. बरोबरी चालू असताना शेवटच्या मिनिटाला शेठच्या हीरोनं गोल केला. पंचांनी तो हाताचा म्हणून रद्द केला. पुढे पेनल्टीवर पिंपळगाव जिंकलं.

पंच म्हणजे हसनाबादचे निवृत्त पी.टी. मास्तर. गुन्हा दाखल झाला असता, तर चाळीस वर्षं गळ्यात असलेली शिट्टी त्याच दिवशी उतरली असती.

दुपारी मस्तगडचा पानवाला आला. माझा जुना खबऱ्या. “साहेब, मास्तरला मॅचच्या आधी काहीतरी भेटलंय. बाजूच्या दुकानात रिकाम्या हातानं गेल्ता, डबी घेऊन निघाला. मी पाह्यलं.”

मास्तरांना बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. दरडावण्यापेक्षा चहानं माणूस लवकर बोलतो, हा माझा अनुभव.

“मास्तर, फायनलच्या आधी काही घेतलं?”

“घेतलं.”

जबाब लिहिणाऱ्या हवालदाराचा पेन थांबला.

“काय?”

मास्तरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. “हा. कमिटीनं दिला, असं दुकानदारानं सांगितलं.”

हवालदार दुकानदारालाच घेऊन आला, पावतीसकट. पावती शेठच्या नावावर.

“शेठ स्वतः आल्ते, साहेब,” दुकानदार म्हणाला. “म्हणले, सेमीफायनलला समोरच्यानं बॉलला हात लावला, तो मास्तरला दिसलाच न्हाई. सगळ्यात भारी काच टाका, खर्चा बघू नका.”

शेठना पावती दाखवली. त्यांनी अर्ज मागे घेतला, मी स्टेशन डायरीला तशी नोंद केली.

पैशानं मॅच जिंकता येत नाही, असलं काही मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी शेठचीच टीम जिंकली, आणि बराबर जिंकली. पंच तेव्हाही मास्तरच. शेठनीच तसा हट्ट धरला. मी मात्र त्या दिवसापासून तपासाची रीत बदलली. माणसाला काय मिळालं, एवढं विचारून भागत नाही. मिळाल्यावर त्यानं काय केलं, ते बघावं लागतं. मास्तरांसारखा माणूस मला वर्दीतही क्वचितच भेटला.

त्या दिवशी शेठ निघताना दारात थांबले.

“मास्तर, मी दिलेल्या चष्म्यातून माझाच गोल घालवला तुम्ही?”

मास्तरांनी काचा पुसल्या, चष्मा चढवला.

“आधी दिसत नव्हतं, शेठ. आता दिसून राह्यलं.”