खारीची भाषा बदलणार नाही

गिरडजवळच्या आमच्या खेड्यातून आम्ही शहरालगतच्या पिपरी मेघेला राहायला आलो आणि मुलीचं नाव तिथल्या शाळेत पहिलीत घातलं. थोड्याच दिवसांत रोज सकाळी तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी तपासलं, काही निघालं नाही. रविवारी मात्र पोरगी ठणठणीत.

एका संध्याकाळी तिची वेणी सोडताना मी विचारलं, "काऊन दुखते वं पोट?"

"म्या वर्गात म्हनलं, मले पानी पायजे. सारे हासले. मॅडमबी हासल्या. आता मी बोलतच नाई."

म्हणजे पोर दिवसभर तहानलेली राहत होती. मला रडू आलं नाही, संताप आला. ज्या बोलीत माझ्या आईनं मला वाढवलं, तिची माझ्या लेकीनं लाज बाळगायची? का म्हणून?

चित्रांचा मला पहिल्यापासून नाद. ड्रॉइंगचे कागद शिवून आम्ही मायलेकींनी पुस्तक केलं. नव्या झाडावर राहायला आलेली, आमच्याच बोलीत बोलणारी खार. बाकीच्या खारी हसतील या धास्तीनं ती गप्पच. मग एक साळुंकी तिच्याजवळ येते. मी साळुंकीला लगेच बोलायला लावलं, तर मुलगी म्हणाली, "नाई. आधी तिले नुसतं बसू दे." मी पान बदललं.

शाळेत पालकांनी गोष्ट वाचायचा दिवस जवळ आला होता. मॅडमनी पुस्तक चाळलं. "चित्रं गोड आहेत. फक्त भाषा शुद्ध करून आणा. मुलांना चुकीची सवय लागेल."

"भाषा बदलणार नाही, मॅडम."

"मग वर्गात वाचता येणार नाही."

"ठीक आहे. गेटबाहेर वाचते."

त्या दिवशी शाळा सुटल्यावर गेटसमोरच्या कडुनिंबाखाली मी बसले. मुलीनं माझा पदर घट्ट धरला होता. पाचसहा पोरं थांबली, त्यांना न्यायला आलेल्या आयाही थांबल्या. पहिल्याच 'मले'ला हशा पिकला. मी थांबले, सगळ्यांकडे पाहिलं आणि तेच वाक्य आणखी मोठ्यानं वाचलं. यावेळी कमी जण हसले. मी पुढे वाचत गेले.

गोष्ट संपली तेव्हा तिच्या वर्गातली एक मुलगी म्हणाली, "माही आजी अशीच बोलते." आणि ती माझ्या लेकीला खेटून बसली. मॅडम गेटात उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या. शाळेनं ते पुस्तक आजवर घेतलेलं नाही.

पोटदुखी एकदम गेली नाही. पण ती दुसरी मुलगी वर्गात हिच्या शेजारी बसू लागली, रविवारी घरी येऊ लागली. दोघी अंगणात तावातावानं भांडायच्या, पुन्हा खेळायच्या. एकदा त्या मुलीची आई तिला न्यायला आली आणि दारातच कुरकुरली, "तुमच्यामुळं आमचीही आता मले-तुले करायला लागली."

"करू द्या," मी म्हणाले. "तिच्या आजीला बरं वाटेल."