उभं राहून माफी

क्लीओफस वीम्सच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल, असं शाळेतले मास्तर कौतुकानं सांगत. मास्तरांचं काय जातंय सांगायला. ज्या पोरांना ते वर्गातून हाकलत, तीच पोरं त्या खोलीत गप्प बसलेली असत, आणि गप्प बसवणाऱ्याची पाठ थोपटायला पैसे पडत नाहीत.

शिक्षेची ही खोली शाळेच्या अगदी मागच्या टोकाला, व्यायामशाळेच्या पलीकडे. भिंतीकडे तोंड केलेली बाकं, एक घड्याळ आणि दारापाशी उंच स्टुलावर क्लीओफस. इस्त्रीचा पांढरा शर्ट, फौजेतून आणलेला ताठ कणा, तोंड दिसेल असे बूट. जॉर्जियातल्या आमच्या वेस्कॉट गावच्या शाळेत निम्मी पोरं गोरी आणि निम्मी आमची, काळी. त्या खोलीत मात्र ही निम्म्याची वाटणी कधी दिसली नाही. तिथं सगळी आमची. चुकून एखादं गोरं पोर आलंच, तर बाकीची माना वळवून बघत, परसात हरीण शिरल्यावर बघावं तशी.

"क्लीओफस, तू आपल्याच पोरांचा जेलर झालास की रे," असं न्हाव्याच्या दुकानात कोणी ना कोणी टोचायचंच.

"मी जेलच्या अलीकडचा माणूस आहे," तो म्हणायचा. "माझ्याकडे सुधारला नाही, तर पलीकडचा बसलाच आहे वाट बघत."

हे तो मनापासून म्हणे. तो वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं वाचताना विसरायला होईल. माउंट नीबो चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा मानकरी होता. कोणाचं मयत झालं की पहिला याचा ट्रक दारात. पोरांवर त्याची माया होती, फक्त ती माया फौजी होती. गोऱ्या पोराला एक चूक माफ असते, आपल्याला अर्धीही नाही, म्हणून आपण दुप्पट सरळ चालायचं, एवढं एकच गणित त्याला येत होतं आणि त्याच्यावर त्यानं आयुष्य काढलं होतं.

त्या गणिताची गुरुकिल्ली म्हणजे उभं राहून माफी. वीम्सांच्या घरातला हा जुना रिवाज. मोठ्या माणसानं जाब विचारला की पोरानं उभं राहायचं, हात खिशातून बाहेर काढायचे आणि पहिलं वाक्य म्हणायचं, "चूक माझी. मला माफ करा." खरं कोण चुकलं, काय झालं, ते नंतर. मग मोठ्या माणसानं म्हणायचं, "झालं ते झालं. ये, जेव." या दोन वाक्यांच्या मध्ये तिसरं वाक्य घालायची कोणाची टाप नव्हती. एकदा क्लीओफसच्या आज्जीच्या दारात बंदूक घेऊन एक गोरा शेतमालक आला होता. कुंपण कोणी तोडलं, म्हणत. त्यानं पुढचा शब्द काढायच्या आत आज्जीनं आपल्या धाकट्या लेकाला पुढं ढकललं आणि ते वाक्य म्हणायला लावलं. लेकानं कुंपणाला हातही लावला नव्हता. पण मालक गुरगुरत परत गेला आणि लेक जगला. तेव्हापासून वीम्सांच्या घरात ते वाक्य देवाच्या शब्दाच्या खालोखाल होतं.

क्लीओफसनं तो रिवाज खोलीत आणला. दर शुक्रवारी शिक्षा संपणाऱ्या प्रत्येक पोरानं, ज्या मास्तरानं त्याला काढलं त्याच्यासमोर उभं राहून माफी मागायची. मास्तर लोक विरघळायचे. पोर सोमवारी वर्गात परत. क्लीओफसला वाटायचं, आज्जीची विद्या अजून चालते.

त्याची धाकटी लेक टॅलिथा त्याच शाळेत दहावीला होती. पोरगी हुशार म्हणजे किती? राज्य सरकारची गणित-विज्ञानाची निवासी शाळा राजधानीत आहे. राहणं, खाणं, शिक्षण फुकट, आणि तिथून निघालेलं पोर मोठ्या कॉलेजात बोट ठेवेल तिथं जातं. आमच्या जिल्ह्याला तिथं एक जागा. ती टॅलिथाला मिळाली होती. आमच्या वस्तीतल्या पोराला ती मिळाल्याचं कोणाला आठवत नव्हतं. चर्चमध्ये तिला पुढं बोलावून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि क्लीओफस रुमालात नाक शिंकरत बसला. अट एकच होती. जाईपर्यंत शाळेच्या दप्तरी तिच्या नावावर डाग नको.

आणि मग रसायनाच्या तासाला पाणी सांडलं.

टॅलिथाचा प्रयोगातला जोडीदार ग्रेसन हार्लन. ट्रॅक्टर विकणाऱ्या हार्लनांचा मुलगा, फुटबॉलच्या संघात, तसा हसरा. त्यानं बाटलीतनं तिच्यावर पाणी उडवलं. तिनं ओरडून दुसरी बाटली उचलली आणि त्याच्यावर थोडं उडवलं. त्यानं पुन्हा उडवलं, भरपूर. दोघंही हसत होते. तेवढ्यात मिसेस प्रूइट बाई लगबगीनं आल्या, ओल्या फरशीवर घसरल्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं. त्यांनी मान वर केली तेव्हा बाटली टॅलिथाच्या हातात होती. ग्रेसननं आपली केव्हाच सिंकमध्ये ठेवली होती.

संध्याकाळपर्यंत एकाच पाण्याची दोन नावं झाली. ग्रेसनच्या कागदावर आलं, दंगामस्ती. टॅलिथाच्या कागदावर आलं, शिक्षिकेवर हल्ला. हल्ल्याला जिल्ह्याच्या कचेरीत सुनावणी असते, आणि हल्ला शाबित झाला तर एक वर्ष शाळेबाहेर, सुधारशाळेत.

क्लीओफसची बायको जेनेव्हा दुकानात पोरींच्या वेण्या घालायची. तिची जीभ तिच्या कंगव्यापेक्षा धारदार होती. तिनं जेवणाच्या टेबलावरच मांडून टाकलं. "माझी मामेबहीण अटलांटात वकिलाकडे काम करते. तो यायला तयार आहे. तोवर पोरीनं तोंड उघडायचं नाही. मूग गिळून बसायचं."

"वकील नेला म्हणजे आपण भांडायला आलो असं दिसतं," क्लीओफस म्हणाला. "मी त्या इमारतीत आयुष्य घातलंय, जेनेव्हा. ती माणसं मला ओळखतात."

"ओळखतात ना. म्हणून तर झाडूवाल्याची खोली आणि ती शिक्षेची खोली सोडून तिसरीकडे कुठं बसवलं नाही तुला."

"मुख्याध्यापक स्वतः म्हणाले आज. पोरीनं मनापासून जबाबदारी घेतली की जिल्ह्याच्या शाळा-बोर्डाला बरं वाटतं, म्हणाले. खांद्यावर हात ठेवला माझ्या."

"तो हात तुझ्या खांद्यावर नाही, पोरीच्या मानेवर आहे, क्लीओ. हात दाखवून अवलक्षण करून घेऊ नकोस."

टॅलिथानं काटा खाली ठेवला. "डॅडी, फरशीवरचं पाणी त्याचं होतं," ती म्हणाली. "माझं सगळं त्याच्या शर्टावर पडलं. वर्गात सगळ्यांनी पाहिलंय. मी एवढंच सांगते ना."

"सांगायचं. पण आधी उभं राहायचं. आधी ते वाक्य, मग खरं."

"आणि त्यांनी मगपर्यंत थांबलंच नाही तर?"

"टॅलिथा."

"हो, सर," ती म्हणाली. आमच्या घरांत पोरं बापाला सर म्हणतात, आणि सर म्हटलं की विषय संपतो.

सुनावणी घेणाऱ्या मिसेस ऑल्डरिज निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. केस कापसासारखे, आवाज मधाळ, टेबलावर गोळ्यांची काचेची बशी. गोगलगाय आणि पोटात पाय. त्यांनी टॅलिथाला गोळी देऊ केली, फ्रॉक छान आहे म्हणाल्या आणि टेपचं बटण दाबलं.

"सांग बाळ, काय झालं?"

टॅलिथानं बापाकडे पाहिलं. क्लीओफसनं हनुवटी किंचित वर केली. ती उभी राहिली, हात बाजूला सरळ सोडले आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, "चूक माझी. मला माफ करा."

क्लीओफसचा ऊर भरून आला. किती नीट म्हटलं पोरीनं. आता बाई म्हणणार, झालं ते झालं. तो त्या शब्दांची वाटच बघत बसला होता, खुर्चीच्या टोकावर.

"विद्यार्थिनीला चूक कबूल आहे," मिसेस ऑल्डरिज टेपच्या दिशेनं म्हणाल्या. "नोंद घेतली."

"पण फरशीवरचं पाणी..." टॅलिथानं सुरुवात केली.

"कबुलीनंतर साक्षीची गरज उरत नाही, बाळ. तुझा प्रामाणिकपणा मला फार आवडला. एवढंच. पुढचे कोण?"

बाहेर येईतो क्लीओफसला कळलंही नव्हतं की सगळं आटोपलं. जेनेव्हाला कळलं होतं. तिनं पार्किंगमध्ये ट्रकच्या दाराला हात लावला आणि तशीच उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, तिनं दिल्या नाहीत.

निकाल आला. एक वर्ष सुधारशाळा. राजधानीतल्या शाळेनं दोन ओळींत जागा काढून घेतली आणि टॅलिथाला पुढच्या वाटचालीसाठी शुभेच्छा दिल्या. सुधारशाळा जुन्या गोदामात भरते. रोज सकाळी दारात झडती, पट्टा नको, नाडीचे बूट नकोत, भिंतीला धरून एका रांगेत चालायचं. गणित म्हणून तिथं संगणकावर अपूर्णांक देतात. टॅलिथानं ते सातवीत संपवले होते.

घरी तिनं रडारड केली नाही, दार आपटलं नाही. बापाला वेगळीच शिक्षा दिली. रोज जेवणाआधी त्याच्यासमोर येऊन उभी राहायची, हात सरळ सोडून. "चूक माझी. मला माफ करा." कशाबद्दल? बसला उशीर झाला त्याबद्दल. मक्याच्या पावाचा कोपरा करपला त्याबद्दल. बाहेर पाऊस आहे त्याबद्दल. आणि रिवाजच असा की क्लीओफसला उत्तर द्यावं लागे. "झालं ते झालं. ये, जेव." ती येऊन जेवायची. मान ताटातून वर नाही.

"थांबव तिला," तो एकदा जेनेव्हाला म्हणाला.

"मी कशाला थांबवू? तू शिकवलंस, पोरगी पाठ करतेय. हुशार आहेच ती."

फुटबॉलचा मोसम संपला आणि मग ग्रेसन हार्लनची शिक्षा निघाली. मोसमात पोराला त्रास नको म्हणून ती सोयीनं पुढं ढकलली होती. तीन दिवस. क्लीओफसच्या खोलीत.

पोरगा आला, बसला, भिंतीकडे तोंड करून चित्रं काढत राहिला. उद्धट नव्हता. पहिल्याच दिवशी हळूच म्हणाला, "मिस्टर वीम्स, टॅलिथा कशी आहे?" क्लीओफस म्हणाला, "भिंतीकडे बघ." त्या तीन दिवसांत तो एवढंच बोलला त्याच्याशी.

शुक्रवारी मास्तर दाराशी जमले. मिसेस प्रूइटही आल्या, मनगट बरं झालेलं. शिक्षा संपलेली पोरं एकामागून एक उभी राहिली आणि ते वाक्य म्हणत गेली. ग्रेसनची पाळी आली. तो उभा राहिला, पण तोंड उघडेना.

"बोल," क्लीओफस म्हणाला.

पोरगा कानापर्यंत लाल झाला. "सर, मला म्हणायचंय. खरंच. पण डॅड म्हणालेत, चूक माझी असं कुठेही, कोणापुढेही म्हणायचं नाही. आमच्या वकिलांनी सांगितलंय. ते पहिल्या दिवसापासून सांगतायत."

"बरोबर आहे रे बाळा, नको म्हणू," मिसेस प्रूइट घाईघाईनं म्हणाल्या आणि त्यांनी त्याच्या दंडावर थोपटलं. "मला माहीत आहे तू चांगला मुलगा आहेस."

ग्रेसन दप्तर उचलून गेला. त्याच्या मागच्या बाकावर डेमेट्रियस नावाचा आमच्या वस्तीतला पोरगा होता. वर्गात टोपी काढली नाही म्हणून आठवडाभर आलेला. कोणी सांगायच्या आत तो उभा राहिला, हात खिशातून काढले आणि घोकल्यासारखा म्हणाला, "चूक माझी. मला माफ करा."

क्लीओफसच्या जिभेवर आलं होतं, खाली बस, गप्प राहा, आईला म्हणावं वकील बघ. चाळीस वर्षांत वाकला नव्हता तो कणा त्या क्षणी जरा झुकला, हे मिसेस प्रूइटनाही दिसलं. पण मास्तर दारात उभे होते, कौतुकानं माना डोलावत होते, आणि त्यानं आयुष्यात कधी त्या माना थांबवल्या नव्हत्या. त्यानं डेमेट्रियसला थांबवलं नाही. "जा," एवढंच म्हणाला.

रविवारी चर्चहून आल्यावर जेनेव्हानं टेबल मांडलं. कोलार्डची पालेभाजी, कोंबडी, मक्याचा पाव. टॅलिथा येऊन बसली. त्या दिवशी ती समोर उभी राहिली नाही, कारण तिच्या आधी क्लीओफस उभा राहिला. चर्चचाच कोट अंगावर होता. त्यानं हात खिशातून बाहेर काढले, बाजूला सरळ सोडले.

"टॅलिथा," तो म्हणाला, "चूक माझी. मला माफ कर."

जेनेव्हाच्या हातातली पळी भांड्यावरच राहिली. वीम्सांच्या घरात बापानं ते वाक्य लेकराला म्हटल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

टॅलिथानं रुमाल मांडीवर पसरला. त्याच्याकडे नीट, अगदी प्रेमानं बघितल्यासारखं बघितलं. मग मधाळ आवाजात म्हणाली, "वडिलांना चूक कबूल आहे. नोंद घेतली."

आणि तिनं भाजीचं भांडं आपल्याकडे ओढलं, आईला वाढलं, स्वतःला वाढून घेतलं आणि जेवायला लागली. जेनेव्हानंही घास उचलला. क्लीओफस हात सरळ सोडून उभाच होता. ये, जेव, असं त्याला कोणी म्हटलं नाही.