बूट बाटल्यांपाशी

रोज सकाळी क्लासला निघण्याआधी बाई भिंतीतल्या मोठ्या कपाटाची दोन्ही दारं उघडत. डावीकडच्या बाटलीवर बोट टेकवून "बी" म्हणत, उजवीकडच्या पेल्यावर टेकवून "व्ही". मग दारं लावून चपला घालत.

बाई स्पॅनिश शिकवत. त्या भाषेत ही दोन अक्षरं लिहायची वेगवेगळी, पण ऐकू येतात एकसारखी, साधारण आपल्या 'ब'सारखी. बाईंना भाषा आली ती जहाज कंपनीच्या टेलिफोनवर, कानांतून. बोलायला लागल्या की पलीकडच्याला त्या परक्या वाटत नसत. लिहायला बसल्या की मात्र पंचाईत. क्लासमध्ये नोकरी लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर पेल्याचा स्पॅनिश शब्द 'बी'ने लिहिला आणि मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं.

मग त्यांनी नियम पाठ केले. 'एम'नंतर बी येतो, 'एन'नंतर व्ही. पुढे 'आर' किंवा 'एल' चिकटलेला असेल तर डोळे मिटून बी.

"ज्यांना नियम आहे त्यांची काळजी नाही," त्या मुलांना सांगत. "बाकीच्यांना पत्ता द्यावा लागतो."

स्वतः त्यांनी तो घरातच दिला. कपाटाच्या डाव्या बाजूला ज्यांची स्पॅनिश नावं बीने सुरू होतात त्या वस्तू: बाटल्या, पिशव्या, बटणांचा डबा आणि तळाशी नवऱ्याचे उंच बूट. उजव्या बाजूला व्हीच्या: पेले, मेणबत्त्या, घडी घातलेले झगे. स्पॅनिशमध्ये 'एच' लिहितात पण उच्चारत नाहीत. म्हणून त्याची मंडळी सगळ्यात वर, आडव्या फळीवर: अंडी, पीठ आणि दोऱ्याची रिळं. नवरा त्या फळीला मौनव्रत म्हणे.

तो बस चालवायचा. "लोकांच्या घरी पेला हवा असला तर पेला मिळतो," तो पाहुण्यांना सांगे. "आमच्याकडे आधी परीक्षेला बसावं लागतं."

नोकरीतून सुटल्यावर थोड्याच दिवसांत त्याची नजर जायला लागली. आधी कडा गेल्या, मग मधलंही. उरला तो उजेड आणि अंधार. तेव्हा परगावची मुलगी चार दिवसांची रजा काढून आली.

"आई, तू आता क्लास सोड. बाबांना एकटं ठेवायचं म्हणजे काय?"

"निभतंय की."

"निभतंय कसलं? या घरात डोळस माणसाला सुई सापडत नाही."

क्लासशिवाय त्यांच्याकडे स्वतःचं म्हणावं असं फारसं काही नव्हतं, पण हे मुलीला सांगायची गोष्ट नव्हती. "महिनाअखेरीपर्यंत तरी शिकवू दे," म्हणाल्या आणि निघाल्या.

मुलीने ती दुपार कारणी लावली. बूट दारापाशी नेले, पेले नळाजवळ, रिळं शिवणाच्या पेटीत. रिकाम्या झालेल्या उजव्या फळीवर लोणी-मुरंब्याच्या काचेच्या बरण्या मांडल्या. बाई संध्याकाळी आल्या, कपाट उघडून बघितलं आणि हातपाय धुवायला गेल्या.

रात्रीच्या जेवणाआधी तो पाण्यासाठी उठला. सवयीने उजवं दार उघडून हात आत घातला. एक बरणी खाली येऊन फुटली, दुसरी धरायला गेला तर ती कडेला आपटून तळहात कापला.

"बाबा, पेले नळापाशी आहेत, सांगितलं होतं ना," मुलगी जखमेवर फडकं दाबत म्हणाली.

"नळापाशी कशाला?"

"पाणी तिथे असतं म्हणून."

"पेला व्ही आहे," तो म्हणाला.

मुलीने फडक्याला गाठ मारली. मग, गंमत म्हणून असेल, तिने विचारलं, "आणि मेणबत्ती?"

"व्ही. पेल्यांच्या मागे."

"बूट?"

"बी. खाली, बाटल्यांपाशी. आतला कागद आधी काढायचा."

"दोरा?"

"मौनव्रतात. हात जरा हळू, अंडी असतात."

"तुम्हाला स्पॅनिश येतं?"

"छे. शिव्यासुद्धा येत नाहीत. तुझी आई रोज सकाळी बडबडते, कानांवर पडतं."

काचा उचलून झाल्यावर मुलीने सगळं परत लावलं. तो खुर्चीतून सांगत होता, ती ठेवत होती. बाई दारात टॉवेल घेऊन उभ्या होत्या. एकदाच बोलल्या, "झगे उजवीकडे गं." रजा संपवून मुलगी गेली तेव्हा महिनाअखेरीचा विषय कुणी काढला नाही.

बाई त्यानंतर बरीच वर्षं शिकवत होत्या. एका सकाळी वर्गात मुलांना शब्द सांगता सांगता त्या खुर्चीत बसल्या. पुढचा शब्द येईना, तेव्हा मुलांनी वर बघितलं. बाई बसल्या जागी गेल्या होत्या.

त्या दिवशी निघताना बी झाला होता, व्ही झाला होता. नवऱ्याने आतून विचारलं होतं, "अगं, अंडी संपली का?"

"कालच आणलीत," बाई चपलेत पाय सरकवत म्हणाल्या. "वर आहेत, रिळांच्या मागे."