वहिनीचं उटणं

बायकोच्या उजव्या गालावर आधी लाली आली, मग बारीक फोड. दुसऱ्या दिवशी डोळा सुजून मिटायच्या बेतात आला. कर्जतच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि विचारलं, "तोंडाला काही लावता का?"

"उटणं. आमच्या जाऊबाई करतात."

"मग ते आधी बंद करा."

डॉक्टर एवढंच बोलले. निकाल मी लावून टाकला.

पळसदरीला आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. थोरला भाऊ गेल्यापासून वहिनी उटणं करून विकते. मसूरडाळ, आंबेहळद, संत्र्याची साल, नागरमोथा. धरणाकडच्या बंगल्यात शनिवार-रविवार पाहुणे येतात. तिथली मालकीण त्यांच्यासाठी ते घेते, आणि वहिनीचं घर त्यावरच चालतं. त्यात ती आणखी एक मूळ घालते, ठाकुरवाडीहून येणाऱ्या बाईकडून घेतलेलं. कसलं म्हणून विचारलं की हसायची. "सांगितलं तर तुमीच दुकान टाकाल, भावजी."

आता ते हसणं मला वेगळं दिसू लागलं. तिच्या ओट्यावर वाळणारी काळपट मुळं मी येताजाता वाकून बघायचो. ती विहिरीवर गेलेली असताना एक उचलून हुंगलंसुद्धा.

"अहो, दर थंडीत मी हेच लावते," बायको म्हणाली.

"मूळ बदललं असेल."

वहिनीला एका शब्दाने न विचारता मी बंगल्यावर गेलो आणि सांगितलं, पाहुण्यांना काही व्हायच्या आत ते उटणं बाजूला ठेवा. परत येताना मी जबाबदारीने वागलो असंच मला वाटत होतं.

थंडीत माझ्या टाचा फुटतात. आमच्याकडे भेगांत बिब्बा भरतात. तो सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि सुटलेलं तेल भेगेत सोडायचं. बायकोला फोड येण्याच्या आदल्या दिवशी मी तो भरला होता. रविवारी टॉवेल वाळत घालताना त्याच्या कडेला काळे डाग दिसले. ते घासूनही जाईनात. पूर्वी धोबी कपड्यांवर खुणा करायचे ते याच तेलाने. ते अंगाला लागलं तर कातडी उतते, हे इथे लहान पोरालाही ठाऊक असतं. मी बोटं त्या टॉवेलला पुसली होती. बायकोने त्यानेच तोंड पुसलं होतं.

मी अंगण ओलांडून गेलो आणि वहिनीला सगळं सांगितलं. बंगल्यावरून तिला 'आता नको' असा निरोप आलेला होताच. कोणामुळे, ते तिला माहीत नव्हतं.

"दोन दिस मुळं निवडत बसलेय मी," ती म्हणाली. "एखादं भलतंच आलं काय म्हणून. झोप नाय. आन् तुमाला मला इचारायला तोंड नव्हतं?"

"चुकलो, वहिनी. बंगल्यावर जाऊन सांगतो."

"नुसत्या सांगण्यावर कोण इस्वास ठेवतंय? बसा हितं."

तिने वाटीत उटणं दुधात कालवलं आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत माझ्या तोंडाला थापलं. "चला आता."

खिडकीतून बायको बघत होती. एक डोळा अजून अर्धा मिटलेला. "अहो, नवरदेव निघाले की!" म्हणून ती हसली.

तसाच पिवळा होऊन मी गावातून बंगल्यापर्यंत वहिनीच्या मागोमाग चालत गेलो. मालकिणीने बिब्ब्याची हकिकत ऐकून घेतली. मग माझ्याकडे रोखून बघत विचारलं, "खरंच असं झालं, की घरातलं माणूस म्हणून सावरून घेताय?"

हा संशय मीच तिच्या हाती दिला होता. मी म्हणालो, "खरंच." माझं मलाच ते खोटं वाटलं.

"बसा मग इथे. वाळू दे, धुऊ, बघू."

मी पायरीवर बसलो. वहिनी बसली नाही. खांबाशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत राहिली. उटणं वाळत आलं, कातडी ओढू लागली. डाव्या गालाला खाज सुटल्यासारखं वाटलं. हे उटण्यामुळे की नुसतं मनामुळे, मला कळेना. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसून राहिलो.